मुरुडचे कर्वे घराणे आणि १९२१ चे संततिनियमन केंद्र : स्वयंसेवी आरोग्यसेवेच्या इतिहासातील एक प्रकरण

प्रस्तावना :

स्वयंसेवी आरोग्यसेवेचा इतिहास लिहिताना आपल्याकडे सामान्यतः दोन प्रवाहांचा विचार केला जातो. पहिला मिशनऱ्यांच्या दवाखान्यांचा आणि दुसरा धनिकांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या धर्मादाय रुग्णालयांचा. या दोन्ही प्रवाहांत न बसणारा एक प्रयत्न १९२१ साली मुंबईत झाला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी सुरू केलेले संततिनियमन केंद्र हा तो प्रयत्न होय. या केंद्रामागे मिशन नव्हते, विश्वस्त मंडळ नव्हते, सरकारी अनुदान नव्हते आणि ते चालविणारी व्यक्ती डॉक्टरही नव्हती. ते चालविणारे गृहस्थ गणिताचे प्राध्यापक होते.

रघुनाथरावांवर मराठीत लिहिले गेलेले साहित्य थोडे नाही. य. दि. फडके यांनी लिहिलेले चरित्र अभ्यासकांना परिचित आहे. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील निवडक लेखनही ग्रंथरूपाने उपलब्ध झाले आहे. तथापि या साहित्यात रघुनाथराव आपल्यासमोर येतात ते प्रामुख्याने बुद्धिवादी विचारवंत, निर्भीड संपादक आणि अश्लीलतेच्या खटल्यांतील आरोपी म्हणून. एक आरोग्य केंद्र चालविणारा मनुष्य म्हणून त्यांचा विचार त्या मानाने कमी झाला आहे. केंद्र चालविणे म्हणजे नेमके काय, त्याचा खर्च कोठून येतो, तेथे कोण येते आणि कोण येऊ शकत नाही, हे प्रश्न वैचारिक इतिहासात सहसा विचारले जात नाहीत. प्रस्तुत निबंधात ते विचारण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी प्रारंभ मुंबईपासून न करता मुरुडपासून करणे आवश्यक वाटते.

मुरुड : फंड आणि बहिष्कार

येथे अभिप्रेत असलेले मुरुड हे रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातले, हर्णै बंदराजवळचे गाव होय. रायगड जिल्ह्यातील मुरुड-जंजिऱ्याशी त्याची गल्लत वारंवार होते, म्हणून हा खुलासा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे गाव. त्यांचा जन्म १८५८ साली आजोळी शेरवली येथे झाला, परंतु त्यांचे बालपण मुरुडला गेले. त्यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथ यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी मुरुड येथेच झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे गाव शासकीय संस्थांपासून किती दूर होते, याची कल्पना धोंडो केशवांच्या एका प्रसिद्ध प्रवासावरून येते. १८७५ साली सार्वजनिक परीक्षेस बसण्यासाठी ते आपल्या सोबत्यांबरोबर सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वय लहान दिसते या कारणास्तव त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. हा प्रसंग सामान्यतः चिकाटीचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यात अंतराचे मोजमापही दिसते. ज्या गावाला परीक्षेसाठी घाट चढावा लागतो, त्या गावाला डॉक्टर, औषध आणि शिकलेली सुईण किती दूर असेल याचा निराळा पुरावा शोधण्याची आवश्यकता नाही.

या अंतरावर उपाय म्हणून धोंडो केशवांनी जी संस्था उभारली ती म्हणजे ‘मुरुड फंड’. गावच्या व गावाबाहेर नोकरीस असलेल्या मंडळींनी आपल्या मिळकतीचा लहानसा अंश नियमितपणे द्यावा आणि तो गावाच्या हिताकडे लावावा, अशी ही कल्पना. पुढे अनाथ बालिकाश्रम, महिला विद्यालय, निष्काम कर्ममठ आणि १९१६ सालचे महिला विद्यापीठ या सर्व संस्थांसाठी त्यांनी जी निधिसंकलनाची पद्धती वापरली, तिचे बीज या फंडात आहे. थोडे घ्यावे, पुष्कळांकडून घ्यावे आणि देणाऱ्याला त्या कार्यात सहभागी करून घ्यावे, असे या पद्धतीचे स्वरूप होते. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांच्याकडून १५ लाख रुपयांची देणगी मिळाली, तरी त्यानंतरही अण्णासाहेबांची झोळी खाली ठेवली गेली नाही.

परंतु याच गावाने त्यांना दुसरा धडाही दिला. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. गोदूबाई म्हणजेच पुढे आनंदीबाई अथवा बाया कर्वे. विवाहानंतर ते मुरुडला गेले असता ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि स्वतःच्या घरच्या माणसांत उतरणेही त्यांना अशक्य झाले. फंड देणारे गाव आणि बहिष्कार टाकणारे गाव एकच होते. वर्गणीमागे लोकसंमती असते आणि ती संमती एका विषयापुरतीच दिलेली असते, ही गोष्ट मुरुडने कर्वे घराण्याला प्रथम शिकविली. तेव्हा रघुनाथ अकरा वर्षांचा होता व त्याची आई राधाबाई १८९१ सालीच निवर्तली होती.

धोंडो केशवांनी या बहिष्कारातून काढलेला निष्कर्ष सावध होता. विधवाविवाहाचा प्रचार मागे ठेवून त्यांनी विधवांच्या शिक्षणाचे कार्य पुढे केले, कारण त्याला समाजाची संमती मिळण्याची शक्यता अधिक होती. हा मार्ग त्यांनी भीतीपोटी स्वीकारला असे मानण्याचे कारण नाही. संस्था टिकविण्याचे ते शहाणपण होते. त्यांच्या मुलाने मात्र असा विषय निवडला की ज्याला कोणत्याही रीतीने वळण दिले तरी संमती मिळणे शक्य नव्हते.

केंद्राची स्थापना

रघुनाथराव १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले. पुढे गणित हा विषय घेऊन त्यांनी अध्यापनाचा व्यवसाय पत्करला. गणिताच्या उच्च अध्ययनासाठी ते पॅरिसला गेले आणि परत आल्यावर मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात प्राध्यापक झाले. संततिनियमनाविषयीचे त्यांचे कुतूहल जुने होते. युरोपात त्याला साधनांची व साहित्याची जोड मिळाली. १९२१ साली त्यांनी मुंबईत सल्ला व साधने देणारे केंद्र उघडले.

या वर्षाचे जागतिक संदर्भातील महत्त्व लक्षात घेण्यासारखे आहे. अ‍ॅम्स्टरडॅम येथे डॉ. अलेट्टा जेकब्स यांनी १८८२ साली, म्हणजे योगायोगाने रघुनाथरावांच्या जन्मवर्षीच, गरीब स्त्रियांसाठी या प्रकारचा सल्ला देण्यास आरंभ केला. मार्गारेट सँगर यांनी १६ ऑक्टोबर १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात केंद्र उघडले, ते पोलिसांनी थोड्याच दिवसांत बंद पाडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र १७ मार्च १९२१ रोजी सुरू झाले. मुंबईचे केंद्र लंडनच्या केंद्राचे समकालीन आहे. भारतातील या क्षेत्रातील इतर प्रयत्न त्यानंतरचे होत. मद्रास येथील निओ-माल्थुशियन लीग १९२८ ची आणि म्हैसूर संस्थानाने शासकीय रुग्णालयांत उघडलेली संततिनियमन केंद्रे १९३० ची आहेत.

तथापि केवळ ‘पहिले’ या शब्दाने या केंद्राचे स्वरूप स्पष्ट होत नाही. जेकब्स स्वतः डॉक्टर होत्या. सँगर यांनी परिचारिकेचे काम केले होते. स्टोप्स वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या, परंतु त्यांच्या केंद्रात तपासणीचे काम प्रशिक्षित सुईणी करीत व पतीच्या संपत्तीचा त्यांना आधार होता. रघुनाथरावांपाशी यांपैकी काहीच नव्हते. ज्या सेवेची आवश्यकता वैद्यकीय व्यवसायाने मान्य केलेली नाही, ती सेवा सामान्य नागरिकाने अभ्यास करून द्यावी काय, असा हा प्रश्न होता. रघुनाथरावांनी त्याचे उत्तर कृतीने दिले. ते योग्य होते की अयोग्य याविषयी आजच्या वैद्यकीय नीतिशास्त्राच्या दृष्टीने मतभेद होऊ शकतील. परंतु त्या काळी या सल्ल्याला पर्याय होता तो डॉक्टरचा सल्ला नव्हे. पर्याय होता तो कोणताच सल्ला नसणे हा, किंवा गुपचूप केलेला गर्भपात हा. ही तुलना विसरून चालणार नाही.

कार्यपद्धती

१९२० च्या दशकात उपलब्ध असलेली साधने मर्यादित होती. पुरुषासाठी रबरी आवरण, स्त्रीसाठी रबरी टोपी, स्पंज आणि रासायनिक गोळ्या एवढीच ती. यांतील रबरी टोपी त्यातल्या त्यात भरवशाची, परंतु तिच्यासाठी योग्य माप निवडावे लागे आणि ती कशी बसवावी हे समक्ष शिकवावे लागे. या ठिकाणी प्रा. कर्वे यांची विद्वत्ता निरुपयोगी होती. त्या काळची मध्यमवर्गीय हिंदू स्त्री परपुरुषाशी या विषयावर एक शब्दही बोलणे शक्य नव्हते. म्हणून केंद्राचे खरे काम मालतीबाई कर्वे यांच्यावर आले. मालतीबाईंच्या सहभागाचा उल्लेख चरित्रकार आदराने परंतु ओझरता करतात. माझ्या मते हे अपुरे आहे. मालतीबाई नसत्या तर हे केंद्र म्हणजे पुरुषांनी पुरुषांसाठी चालविलेले पुस्तकांचे दुकान झाले असते. या दांपत्याने स्वतः निःसंतान राहण्याचा निर्णय घेतला होता आणि त्याची सामाजिक झळ अर्थातच मालतीबाईंना अधिक लागली असणार.

साधनांच्या विक्रीसाठी ‘राइट एजन्सी’ या नावाने व्यवस्था करण्यात आली. बहुतेक साधने परदेशातून येत. रबर हे मुंबईच्या उष्ण व दमट हवेत लवकर खराब होते, त्यामुळे साठा करून ठेवणेही सोपे नव्हते. आरोग्यसेवेच्या इतिहासात अशा क्षुल्लक वाटणाऱ्या बाबींना फार महत्त्व असते. विचार टिकाऊ असतो, रबर टिकाऊ नसते. आणि फाटलेल्या टोपीमुळे राहिलेल्या एका गर्भाने केंद्राची जेवढी अपकीर्ती होईल तेवढी दहा विरोधी लेखांनी होणार नाही.

गुप्तरोग हा या कार्याचा दुसरा भाग होता. पेनिसिलीन सर्रास उपलब्ध होण्यापूर्वीच्या या काळात उपदंश व परमा हे रोग दीर्घकाळ रेंगाळत आणि लज्जेमुळे लपविले जात. मुंबईची तत्कालीन रचना येथे ध्यानात घ्यावी लागते. रत्नागिरी जिल्हा हा मुंबईच्या गिरण्यांना व गोदीला मनुष्यबळ पुरविणारा सर्वांत मोठा जिल्हा होता. दापोली-मुरुडच्या किनाऱ्यावरील माणसे आगबोटीने मुंबईस जात, गाळ्यांत दाटीवाटीने राहत आणि वर्षातून एकदा शिमग्याला किंवा गणपतीला घरी परतत. चाकरमान्याने मुंबईत घेतलेला रोग कोकणातील त्याच्या पत्नीपर्यंत पोहोचणे हे या व्यवस्थेत क्रमप्राप्त होते. रघुनाथरावांनी गुप्तरोगप्रतिबंध आणि संततिनियमन हे विषय एकत्र हाताळले, यामागे या वास्तवाचे भान दिसते.

केंद्राचा खरा विस्तार मात्र जागेने झाला नाही, तो टपालाने झाला. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू झाले आणि वाचकांच्या शंकांना उत्तरे देणे हा त्याचा महत्त्वाचा भाग बनला. नाव न सांगता प्रश्न विचारता येत होता. एखाद्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या शिक्षकाला किंवा कारकुनाला मुंबईच्या केंद्राची पायरी चढण्याची आवश्यकता उरली नाही. त्यामुळे ‘समाजस्वास्थ्य’ला केवळ वैचारिक नियतकालिक म्हणणे हे अर्धसत्य ठरते. ते टपालाने चालणारे सल्लाकेंद्र होते, असे म्हटल्यास अधिक यथार्थ होईल.

कायदा आणि केंद्र

या दृष्टीने पाहिल्यास खटल्यांचा अर्थही थोडा बदलतो. अमेरिकेत १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने संततिनियमनाची साधने व माहिती यांच्या टपालवाहतुकीवर बंदी घातली होती. ब्रिटिश हिंदुस्थानात संततिनियमनाच्या साधनांविरुद्ध तसा कायदा नव्हता. म्हणूनच सँगर यांचे केंद्र बंद पडले आणि कर्व्यांचे पडले नाही. रघुनाथरावांवर झालेले खटले हे ‘समाजस्वास्थ्य’मधील मजकुराबद्दल, अश्लीलतेच्या कलमाखाली झाले. १९३१ साली ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ सालचा खटला वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल होता. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली, तरीही २०० रुपये दंड झाला.

साधन विकणे गुन्हा नव्हता, पण ते का व कसे वापरावे हे स्पष्ट शब्दांत छापणे गुन्हा ठरू शकत होते. ज्या केंद्राचा बहुतांश व्यवहार छापील शब्दातून चालतो, त्याच्या बाबतीत शब्दावरील दंड हा केंद्रावरील दंडच होय. १९३४ च्या खटल्यातील मजकूर प्रश्नोत्तरांचा होता, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. तेथे आरोपीच्या पिंजऱ्यात संपादकाबरोबर एक प्रकारे सल्लागारही उभा होता.

डॉ. आंबेडकरांचा या विषयातील रस खटल्यापुरता नव्हता, हे येथे नोंदविले पाहिजे. १९३८ च्या नोव्हेंबर महिन्यात मुंबई विधिमंडळात त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा पुरस्कार करणारा अशासकीय ठराव मांडला. तो फेटाळला गेला.

पैशाचा प्रश्न : मोंबासा आणि मुंबई

१९२५ साली रघुनाथरावांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. मिशनरी संस्थेला हे कार्य मान्य होणे शक्य नव्हते आणि रघुनाथरावांना ते सोडणे मान्य नव्हते. यानंतर केंद्राचा व कुटुंबाचा भार साधनांची विक्री, पुस्तके व मासिकाची वर्गणी यांवरच पडला. येथे वडिलांच्या पद्धतीशी तुलना अपरिहार्य ठरते आणि एक विलक्षण योगायोग समोर येतो.

डिसेंबर १९३० मध्ये धोंडो केशव कर्वे आफ्रिकेच्या दौऱ्यास निघाले. वयाची बहात्तर वर्षे उलटली होती. सुमारे पंधरा महिने त्यांनी मोंबासा व केनियाचा अंतर्भाग, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका आणि दक्षिण आफ्रिका येथे प्रवास करून महिला विद्यापीठासाठी निधी गोळा केला. त्यांचे दुसरे पुत्र डॉ. शंकर हे पूर्व आफ्रिकेत वैद्यकीय व्यवसाय करीत होते. त्या किनाऱ्यावरील भारतीय व्यापारी, रेल्वेचे कर्मचारी, कारकून यांनी या वृद्ध मराठी गृहस्थाचे स्वागत केले. मुरुड फंडाची कल्पना हिंदी महासागर ओलांडून गेली होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. आणि त्याच काळात, १९३१ साली, मुंबई इलाख्यात त्यांचा ज्येष्ठ पुत्र अश्लीलतेच्या आरोपाला उत्तर देत होता.

स्त्रीशिक्षणासाठी मोंबासाच्या दुकानदाराकडे शिलिंग मागता येत होता. स्त्रीला प्रत्येक वर्षी बाळंतपण येऊ नये यासाठी गिरगावातील शेजाऱ्याकडे आणा मागता येत नव्हता. दोन्ही कार्ये स्त्रीच्या जीविताशी निगडित होती. वारंवारच्या बाळंतपणांनी होणारे मृत्यू पाहता दुसरे अधिक निकडीचे होते, असेही म्हणता येईल. परंतु देणगी गरजेच्या प्रमाणात मिळत नाही, देणाऱ्याला तिचा उच्चार चारचौघांत करता येतो की नाही यावर ती मिळते. विद्यापीठाच्या देणगीदारांच्या यादीत आपले नाव यावे असे वाटणारे लोक होते. संततिनियमन केंद्राच्या यादीत नाव यावे असे कोणाला वाटणार?

देणगी नसल्यामुळे रघुनाथरावांना एक स्वातंत्र्य मिळाले. कोणत्याही विश्वस्ताची मर्जी सांभाळावी लागली नाही, भाषा सौम्य करावी लागली नाही. अविवाहितांनाही माहिती मिळावी, स्त्रीला लैंगिक सुखाचा हक्क आहे, ही मते देणगीवर चालणाऱ्या संस्थेतून मांडणे केवळ अशक्य होते. परंतु या स्वातंत्र्याची किंमत रुग्णाने चुकविली. जी सेवा विक्रीवर चालते ती विकत घेऊ शकणाऱ्यापर्यंतच जाते. आयात केलेले साधन, छापील पुस्तक, मासिकाची वर्षाची वर्गणी हे सर्व वाचता येणाऱ्या व थोडा पैसा बाळगणाऱ्या वर्गासाठी होते. एका खोलीत सात-आठ माणसांसह राहणाऱ्या गिरणी कामगाराच्या पत्नीला रबरी टोपी वापरण्यास लागणारा एकांत आणि स्वच्छ पाणी कोठून मिळणार? रघुनाथरावांच्या लेखनात व्यक्तीच्या विवेकावर जेवढा भर आहे तेवढा या भौतिक परिस्थितीवर नाही. सुप्रजननशास्त्राचा जो प्रभाव त्या काळच्या जगभरातील संततिनियमनवाद्यांवर होता, त्यापासून तेही मुक्त नव्हते. त्यांच्या धैर्याचा आदर राखूनही ही मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे.

पुढची पिढी

या कार्याचा वारसा पुन्हा दापोलीच्या किनाऱ्याशीच संबंधित असलेल्या घराण्याकडे गेला. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे मुरुडजवळच्या मुर्डी गावचे आणि धोंडो केशवांचे आप्त. त्यांच्या कन्या शकुंतला परांजपे यांनी ‘समाजस्वास्थ्य’मधून लेखन केले आणि १९३८ पासून पुण्यात संततिनियमनाचा सल्ला देण्याचे काम हाती घेतले. स्त्रीने स्त्रीला समक्ष सल्ला द्यावा ही मालतीबाईंच्या कामातील मध्यवर्ती गोष्ट येथे प्रत्यक्ष केंद्रस्थानी आली. शकुंतलाबाई पुढे महाराष्ट्राच्या विधान परिषदेत व १९६४ ते १९७० या काळात राज्यसभेत होत्या. १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. बहिष्कृत ठरलेला विषय दोन पिढ्यांत राष्ट्रीय सन्मानाला पात्र झाला होता.

दरम्यान संमतीचे वारे बदलले होते. १९४९ साली मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघटना स्थापन झाली. १९५२ साली मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरून जागतिक पातळीवरील महासंघाची स्थापना झाली. त्याच सुमारास भारत सरकारने कुटुंबनियोजन हा पंचवार्षिक योजनेचा भाग केला आणि पहिल्या योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपये राखून ठेवले. मात्र आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या गांधीविचाराच्या होत्या व कृत्रिम साधनांना त्यांची अनुकूलता नव्हती. त्यामुळे शासकीय कार्यक्रमाचा आरंभ झाला तो ‘सुरक्षित दिवस’ मोजण्याच्या पद्धतीच्या प्रयोगांनी. ज्या साधनांची माहिती रघुनाथराव तीस वर्षे देत आले होते, ती या प्रारंभिक प्रयोगांत दुय्यम राहिली.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव निवर्तले. पंचाण्णव वर्षांचे धोंडो केशव तेव्हा हयात होते. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक त्यानंतरच्या महिन्यात, नोव्हेंबर १९५३ मध्ये निघाला.